शेतावरील इलेक्ट्रॉनिक उपकरणे : पर्यावरणीय चाचणीचे मानक कसे निवडावे

विहिरीवरील पंप घरी बसून चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर, सौर पंपाचा नियंत्रक, ठिबक संचाला खत सोडणारे स्वयंचलित यंत्र, द्राक्षबागेत पानांवरील ओलावा मोजणारा संवेदक, कुक्कुटगृहातील पंखे चालविणारा तापमान-नियंत्रक अशी अनेक इलेक्ट्रॉनिक उपकरणे आता आपल्या शिवारात आली आहेत. त्यांच्याविषयी गावोगाव ऐकू येणारी तक्रार मात्र बहुधा एकाच स्वरूपाची असते. उपकरण बसविले तेव्हा उत्तम चालले, उन्हाळाही कसाबसा काढला, आणि मृगाच्या पहिल्या पावसात आतील कार्ड जळाले. विक्रेता म्हणतो, पेटी जलरोधक आहे, तिच्यावर तसा अंकही छापला आहे. दोष विजेच्या दाबाचा असावा. शेतकरी म्हणतो, पेटी उघडली तेव्हा आत पाणी होते. या वादात आठ-दहा दिवस जातात. पेरणीनंतर पावसाने ओढ दिलेली असेल, तर तेवढ्या दिवसांत उगवलेले पीक हातचे जाते.

या दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पेटीवरील अंक खरा असतो आणि पेटीतील पाणीही खरे असते. चाचणी एका परिस्थितीसाठी झालेली असते व उपकरण दुसऱ्याच परिस्थितीत काम करीत असते. यास्तव उपकरण खरेदी करताना, विशेषतः गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी एकदम पन्नास-शंभर नग घेत असेल तेव्हा, कोणत्या मानकाप्रमाणे कोणती चाचणी झाली आहे हे विचारण्याची सवय गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लावून घ्यावी व शेतकऱ्यांनाही लावावी.

मानक म्हणजे काय

पर्यावरणीय चाचणी म्हणजे उपकरणाच्या सभोवतालची उष्णता, थंडी, दमट हवा, पाऊस, धूळ, क्षार, हादरे इत्यादी गोष्टी प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण करून ते टिकते किंवा नाही हे पाहणे. ही तपासणी प्रत्येक प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने व्हावी म्हणून मानके असतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी जगभर प्रमाण मानली जाणारी मालिका आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाची आहे. हा आयोग १९०६ साली स्थापन झाला असून मालिकेचा क्रमांक आय. ई. सी. ६००६८ असा आहे. आपल्या देशात भारतीय मानक ब्यूरोने आय. एस. ९००० ही मालिका याच विषयावर प्रसिद्ध केली आहे.

येथे एक गोष्ट नीट समजावून घेतली पाहिजे. आय. ई. सी. ६००६८ ही एक चाचणी नव्हे. तो चाचण्यांचा मोठा संग्रह आहे. त्याच्या दुसऱ्या भागात थंडीची चाचणी (२-१), कोरड्या उष्णतेची (२-२), हादऱ्यांची (२-६), खारट धुक्याची (२-११), बुरशीची (२-१०), आवर्ती दमट उष्णतेची (२-३०), स्थिर दमट उष्णतेची (२-७८) अशा अनेक स्वतंत्र चाचण्या आहेत. आणि त्या प्रत्येकीत तीव्रतेच्या अनेक पायऱ्या आहेत. कोरड्या उष्णतेची चाचणी ४० अंश सेल्सिअसलाही होते व ८५ अंशांनाही होते. २ तासांचीही होते व ९६ तासांचीही. म्हणून ‘आमचे उपकरण आय. ई. सी. ६००६८ प्रमाणे तपासलेले आहे’ एवढेच सांगणे हे ‘शेतात खत घातले आहे’ एवढेच सांगण्यासारखे आहे. कोणते खत, किती व केव्हा, हे कळल्यावाचून त्या वाक्याचा उपयोग नाही. चाचणीचा क्रमांक, तापमान, कालावधी आणि चाचणी चालू असताना उपकरण चालू होते की बंद, हे चारही तपशील मागावेत.

जाहिरातीतून ‘मिलिटरी ग्रेड’ हे शब्दही हल्ली फार दिसतात. त्यामागे अमेरिकन सैन्याचे मिल-एसटीडी-८१० हे मानक असते. ते १९६२ साली प्रथम निघाले व पुढे अनेकदा सुधारले गेले. या मानकाचा स्वतःचाच आग्रह असा आहे की, उपकरण जेथे वापरावयाचे त्या जागेचा अभ्यास करून मगच चाचण्या व त्यांची तीव्रता ठरवावी. त्यातील एखादी सोयीची चाचणी करून सबंध मानकाचे नाव पेटीवर छापणे हा त्या मानकाचाच विपर्यास होय.

आय. पी. अंकाचा अर्थ

शेतकऱ्याला सर्वांत परिचित असा अंक म्हणजे आय. पी. ५४, आय. पी. ६५, आय. पी. ६७ इत्यादी. तो आय. ई. सी. ६०५२९ या मानकातून आला आहे. पहिला अंक धुळीसारख्या घन पदार्थांपासूनचे संरक्षण सांगतो व दुसरा पाण्यापासूनचे. पहिल्या जागी ५ असल्यास थोडी धूळ आत शिरेल, परंतु कामात अडथळा येणार नाही. ६ असल्यास धूळ मुळीच शिरणार नाही. दुसऱ्या जागी ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडालेले पाणी, ५ म्हणजे नळीच्या झोताने मारलेले पाणी, ६ म्हणजे जोरदार झोत आणि ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडविणे. यात एक फसगत अशी की, ७ हा ५ पेक्षा मोठा अंक असला तरी बुडविण्याची परीक्षा उत्तीर्ण झालेली पेटी झोताच्या परीक्षेत उत्तीर्ण होईलच असे मानक म्हणत नाही. दोन्ही पाहिजे असल्यास दोन्ही अंक लिहिलेले असावे लागतात. फवारणी पंप धुताना ज्या उपकरणावर झोत बसणार त्यासाठी केवळ ६७ पाहून समाधान मानू नये.

परंतु याहून महत्त्वाचे म्हणजे या मानकात काय नाही हे होय. गंज, बुरशी, किडे-मुंग्या, ऊन आणि पेटीच्या आत धरणारे दव यांपासूनचे संरक्षण आय. पी. अंकात येत नाही, असे मानकातच सांगितले आहे. आपल्या शिवारातील स्टार्टरच्या पेट्या उघडून पाहाव्यात. मुंग्यांचे वारूळ, पालीची अंडी, गंजलेले टर्मिनल आणि तळाशी साचलेले पाणी, याच गोष्टी तेथे अधिक आढळतात.

पहिल्या पावसात पेटी पाणी का ओढते

आता मूळ वादाकडे वळू. आय. पी. ६५ ची पेटी पावसात पाणी का घेते?

मे महिन्याच्या अखेरीस दुपारी तीनच्या सुमारास विदर्भातील उघड्या विहिरीवर लावलेल्या लोखंडी पेटीचा विचार करावा. सावलीतील तापमान ४५ अंश आहे, पेटीवर थेट ऊन आहे आणि आतील कार्डही स्वतःची उष्णता सोडीत आहे. आतील हवा ६५ अंशांपर्यंत तापली असे धरू. तापलेली हवा प्रसरण पावते व केबलच्या फटीतून हळूहळू बाहेर निघून जाते, त्यामुळे आतील दाब बाहेरच्या हवेएवढाच राहतो. इतक्यात वळीव येतो. थंड पाणी पेटीवर कोसळते व काही मिनिटांत आतील हवा ३० अंशांवर येते. हवा आकुंचन पावते. पेटी घट्ट बंद असेल तर आतील दाब सुमारे एक-दशांशाने घटतो. वातावरणाचा दाब साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. त्याचा दहावा हिस्सा म्हणजे १ मीटर. अर्थात त्या क्षणी पेटी झाकणाच्या फटीवर साचलेले पाणी १ मीटरच्या सक्शनच्या जोराने आत ओढीत असते. सक्शन पाईप पाणी कसे उचलतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

प्रयोगशाळेतील पाण्याच्या चाचणीत मात्र हे घडत नाही. किंबहुना घडू दिले जात नाही. चाचणीचे पाणी व पेटी यांच्या तापमानात ५ अंशांहून अधिक फरक नसावा, आणि पाणी त्याहून थंड असल्यास पेटीच्या आतील व बाहेरील दाब समान राखावा, असा आय. ई. सी. ६०५२९ चा दंडक आहे. प्रयोगशाळेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. कारण त्यामुळे सर्वत्र निकाल सारखे येतात. परंतु तापलेल्या पेटीवर थंड पाऊस, ही जी आपल्याकडील खरी परीक्षा, ती त्यातून नेमकी वगळली गेली आहे.

मोटारगाड्यांच्या उपकरणांसाठी असलेल्या आय. एस. ओ. १६७५०-४ या मानकात हिची जवळची बहीण सापडते. तेथे उपकरण प्रथम तापवितात व मग त्यावर बर्फाइतके थंड पाणी मारतात. गरम इंजिनवर रस्त्यातील थंड पाणी उडते, म्हणून ती चाचणी योजिली आहे. विहिरीवरील पेटीसाठी तीच मागणे अवास्तव नाही. प्रत्येक विक्रेत्याकडून ती मिळेल असे मात्र समजू नये.

सर्वसाधारण खरेदीसाठी आमच्या मते मागावयाची पहिली चाचणी आवर्ती दमट उष्णतेची, म्हणजे आय. ई. सी. ६००६८-२-३०, ही आहे. हिच्यात २४ तासांचे एक आवर्तन असते. अत्यंत दमट हवेत तापमान २५ अंशांवरून ४० किंवा ५५ अंशांपर्यंत चढविले जाते, काही तास तेथे राखले जाते व पुन्हा उतरविले जाते. तापमान चढताना थंड पृष्ठभागावर दव धरते व उतरताना पेटी दमट हवा आत ओढते. म्हणजे आपल्या पावसाळ्यातील दिवस-रात्रच तेथे पुनःपुन्हा घडवून आणलेले असतात. ५५ अंशांपर्यंतची ६ आवर्तने झाली असतील तर शेतावरील पेटीला ती पुरेशी समजावीत. याऐवजी विक्रेते पुष्कळदा स्थिर दमट उष्णतेचा, ४० अंश व ९३ टक्के आर्द्रतेचा अहवाल दाखवितात. ती चाचणी निरुपयोगी नाही. कार्डावरील लेप व सुटे भाग दमट हवेत कसे टिकतात हे तिच्यातून कळते. परंतु तापमान स्थिर असल्याने पेटीचा श्वासोच्छ्वास तिच्यात होत नाही. दोन्ही अहवालांवर ‘दमट उष्णता’ हेच शब्द असतात, म्हणून २-३० व २-७८ हे क्रमांक पाहूनच भेद करावा.

चाचणीखेरीज बसविण्याची रीतही महत्त्वाची आहे. पेटीच्या तळाला जाळी लावलेले लहान निचरा-छिद्र किंवा हवा सोडून पाणी अडविणारा श्वासक असावा. म्हणजे दाब तेथून समान होईल व झाकणाची फट पाणी ओढणार नाही. केबल वरून कधीही आत घेऊ नये. ती खालून, ग्लँडमधून, आणि थोडा झोळ देऊन घ्यावी, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल. पेटीवर पत्र्याचे छोटे छप्पर करावे व तिचे तोंड शक्यतो उत्तरेस ठेवावे. छिद्र मात्र मूळ रचनेतच असावे. आपण ड्रिलने पाडल्यास आय. पी. अंकही जातो व हमीही जाते.

उष्णतेची चाचणी

कोरड्या उष्णतेच्या चाचणीत कपाटातील हवा तापविलेली असते, तेथे ऊन नसते. म्हणून ‘५५ अंशांना तपासलेले’ हे ऐकून, ‘आमच्याकडे ४७ च्या वर पारा जात नाही’ असा हिशेब करू नये. भर दुपारच्या उन्हातून दर चौरस मीटरला सुमारे १००० वॅट शक्ती पेटीवर पडत असते व तिची भर हवेच्या तापमानात घालावी लागते. गावात आधीच एखादी पेटी बसविलेली असेल तर कार्यकर्त्याने मुख्य वीजपुरवठा बंद करवून तिच्यात साधा थर्मामीटर ठेवावा, पुरवठा पुन्हा सुरू करून पंप चालू द्यावा व मे महिन्यातील तीन-चार दुपारी नोंद घ्यावी. हा खर्च काही नाही, आणि त्यातून मिळणारा आकडा कोणत्याही पुस्तकातील आकड्याहून आपल्या गावाला अधिक लागू असतो. तो आकडा अधिक १० अंश, एवढे तापमान चाचणीसाठी मागावे. बहुतेक ठिकाणी हा हिशेब ७० अंशांच्या आसपास येईल. चाचणी १६ तासांची व उपकरण पूर्ण भारावर चालू ठेवून केलेली असावी.

कार्डावर डब्यांसारखी दिसणारी जी विद्युत्-विश्लेषी धारित्रे असतात (दुरुस्ती करणारे त्यांना कपॅसिटर म्हणतात), त्यांचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते. छप्पर करून पेटी १० अंशांनी थंड ठेवली, तर तेच उपकरण दुप्पट काळ टिकण्याचा संभव आहे. सुट्या भागांच्या माहितीपत्रकावर २५/०८५/२१ असा तिरक्या रेघांचा संकेत कधी आढळतो. त्याचा अर्थ उणे २५ अंश ते ८५ अंश तापमान व २१ दिवसांची स्थिर दमट उष्णता, असा होतो. विदर्भ-मराठवाड्यासाठी यातील मधला आकडा पाहावा. उणे ४० अंशांच्या चाचणीचे पैसे आपल्याकडे कोणी देऊ नयेत. निफाडकडील कडाक्याची थंडीदेखील त्या मानाने काहीच नव्हे.

कोकण, गोठा व ट्रॅक्टर

समुद्रालगतच्या आंबा-काजूच्या बागा व खाडीकाठची कोळंबी-तळी येथे क्षार हा मुख्य शत्रू आहे. खारट धुक्याच्या दोन चाचण्या आहेत. ६००६८-२-११ मध्ये ३५ अंशांना ५ टक्के मिठाच्या पाण्याचे धुके सतत सोडतात. मुलामा व रंग यांची प्रत तिच्यावरून ठरते. ६००६८-२-५२ मध्ये मिठाचा फवारा व दमट हवेतील साठवण हे आळीपाळीने चालते, आणि किनाऱ्यावर प्रत्यक्षात घडते ते याच्याशी अधिक मिळते. तळ्यावरील वायुवीजन यंत्राच्या नियंत्रकासाठी दुसरीच मागावी. तळ्यातील प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. त्या वेळी नियंत्रक बंद पडला तर सबंध तळ्यातील कोळंबी सकाळपर्यंत मरू शकते.

कुक्कुटगृह व गोठा येथे अमोनिया असतो. तांबे व पितळ यांना तो खातो. सौर पॅनेलसाठी अमोनियाचे स्वतंत्र मानक (आय. ई. सी. ६२७१६) आहे, नियंत्रकाच्या बाबतीत कार्डावर संरक्षक लेप आहे किंवा नाही हे पाहावे व पेटी शक्यतो गृहाच्या बाहेरच्या भिंतीवर बसवावी.

ट्रॅक्टर व त्यामागील अवजारांवरील उपकरणांसाठी वेगळा शोध घेण्याचे कारण नाही. आय. एस. ओ. १५००३ हे मानक फिरत्या शेती-यंत्रांवरील विद्युत् व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठीच काढलेले आहे. ते २००६ साली निघाले व २०१९ साली सुधारले गेले. हादरे, धक्के, धूळ, पाण्याचे झोत यांचा विचार त्यात एकत्र केलेला आहे.

विजेच्या दाबातील चढउतार व आकाशातील वीज यांचा समावेश वरील कोणत्याही चाचणीत होत नाही. त्यांची मानके आय. ई. सी. ६१००० या दुसऱ्या मालिकेत आहेत, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मोजणाऱ्या उपकरणांबाबत विशेष दक्षता

पंप बंद पडला तर लगेच कळते. हवामान केंद्रातील आर्द्रतेचा संवेदक बिघडला तर तो बंद पडेलच असे नाही. तो चुकीचा आकडा देत राहतो. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते, आणि द्राक्ष बागायतदार केवड्यासाठीची फवारणी अशाच नोंदी पाहून करतो. अशा उपकरणाच्या अहवालात ‘चाचणीनंतर उपकरण चालू होते’ एवढाच शेरा पुरेसा मानू नये. चाचणीपूर्वीचे व चाचणीनंतरचे मापन आणि त्यांतील फरक, हे आकडे त्यात असले पाहिजेत. शिवाय चाचणी व अंशांकन या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीवरून उपकरण टिकते की नाही ते कळते, दुसरीवरून ते खरे सांगते की नाही ते कळते. दुसरी गोष्ट ठराविक मुदतीने पुनःपुन्हा करावी लागते.

अहवाल कसा वाचावा

अहवाल एन. ए. बी. एल. ची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा असावा, आणि ती मान्यता त्याच चाचणीसाठी असावी. अहवालातील उपकरणाचा मॉडेल क्रमांक व आपल्याला मिळणाऱ्या नगावरील क्रमांक ताडून पाहावा. पेटी एका कंपनीची व कार्ड दुसऱ्याचे असते तेव्हा रिकाम्या पेटीचा आय. पी. अहवाल दाखविण्याची प्रथा आहे. ग्लँडसाठी भोके पाडून कार्ड बसविलेल्या पेटीस तो लागू पडत नाही. चाचण्या कोणत्या क्रमाने झाल्या हेही पाहावे. उष्णता व हादरे सोसलेल्या त्याच नगावर शेवटी पाण्याची चाचणी झालेली असल्यास तो अहवाल अधिक मोलाचा, कारण गॅस्केट नवे असताना कोणतीही पेटी पाणी अडविते.

शासकीय योजनेतून मिळणाऱ्या सौर पंपांसाठी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे तांत्रिक विनिर्देश असतात. तेथे शेतकऱ्याने नवी अट घालण्याचे कारण नाही, अहवालाची प्रत मागावी. गटाने स्वतः खरेदी करावयाची असल्यास दरपत्रक मागविताना पुढील मजकूर घालावा व त्यातील आकडे आपल्या गावाप्रमाणे बदलावेत :

‘नियंत्रक उघड्या जागेत, थेट उन्हात व पावसात वापरावयाचा आहे. संपूर्ण जोडणी केलेल्या नगावर पुढील चाचण्या झाल्याचा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडावा. कोरडी उष्णता, आय. ई. सी. ६००६८-२-२, ७० अंश, १६ तास, पूर्ण भारावर चालू स्थितीत. आवर्ती दमट उष्णता, आय. ई. सी. ६००६८-२-३०, ५५ अंश, ६ आवर्तने. त्यानंतर त्याच नगावर आय. पी. ६५. चाचणीच्या शेवटी पेटी उघडून आत पाणी आढळल्यास नग अनुत्तीर्ण समजला जाईल.’

लहान कारखानदाराजवळ असा अहवाल नसेल तर त्याला लगेच नाकारू नये. मुंबई येथील केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळेत (पश्चिम) किंवा अन्य मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक नग तपासून आणण्यास सांगावे, आणि खरेदी मोठी असल्यास तो खर्च गटाने व कारखानदाराने वाटून घेण्याचे आधी लेखी ठरवावे. चाचणीला काही आठवडे लागू शकतात. म्हणून मृगापूर्वी उपकरणे बसवावयाची असतील तर दरपत्रके माघातच मागवावीत.